ठसा, छाप आणि कर्ता : महाराष्ट्रातील मुद्राचित्रणाच्या इतिहासाकडे पाहण्याची एक दिशा

मराठीत चित्र 'काढले' जाते. ठसा मात्र 'उमटतो'. छाप 'पडते', शिक्का 'उठतो'. पहिल्या प्रयोगात क्रियापद सकर्मक असून चित्र काढणारा कोणी तरी कर्ता त्यात गृहीत धरलेला आहे. उरलेल्या तिन्ही प्रयोगांत क्रियापद अकर्मक आहे, आणि व्याकरणदृष्ट्या कर्त्याच्या जागी ठसा, छाप किंवा शिक्का हीच वस्तू येऊन बसली आहे. ठसा उमटवणारा मनुष्य वाक्यातून नाहीसा झाला आहे. 'उमटवणे', 'पाडणे', 'उठवणे' ही रूपे भाषेत आहेत हे खरे. परंतु ती मूळ अकर्मक क्रियेवरून सिद्ध झालेली प्रयोजक रूपे होत. 'छापणे' हे क्रियापद सकर्मक आहे, पण त्याचा कर्ता यंत्र चालवणारा कारागीर समजला जातो. त्याला चित्रकार म्हणण्यास कोणी तयार नसतो.

भाषेच्या एका लकबीवरून कलेच्या इतिहासाविषयी सिद्धान्त मांडणे धोक्याचे आहे, याची प्रस्तुत लेखकास जाणीव आहे. येथे तसा सिद्धान्त मांडावयाचा नाही. महाराष्ट्रातील मुद्राचित्रणाचा इतिहास पाहू लागले असता ज्या ठिकाणी कर्त्याचे नाव अपेक्षित असते, नेमक्या त्याच ठिकाणी ते वारंवार गळालेले आढळते. या गळतीची कारणे सामाजिक आहेत, तशी ती तंत्राविषयीच्या एका गैरसमजातही आहेत. छाप म्हणजे आधीच पूर्ण झालेल्या चित्राची प्रत, असा हा गैरसमज होय. तंत्राची प्रक्रिया नीट पाहिली म्हणजे निर्मितीचा निर्णय कोठे आणि कोणाच्या हातून होतो हे दिसू लागते. तेवढे दाखवणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. उलट्या अक्षराचा प्रश्न

मुद्राचित्रणाच्या पद्धती स्थूलमानाने चार प्रकारांत मोडतात. लाकडाच्या ठशात न कोरलेला उंच भाग शाई घेतो. ताम्रपत्रावरील कोरीवकामात व अम्लरेखनात शाई खोल रेषांत भरली जाते आणि दाबाखाली ओलसर कागद ती उचलून घेतो. शिलामुद्रणात उंचसखलपणा नसतोच; एकाच सपाट पृष्ठाचा काही भाग शाई स्वीकारतो आणि काही भाग ती नाकारतो. चौथ्या प्रकारात, म्हणजे जाळीच्या छपाईत, शाई पडद्यातील मोकळ्या जागेतून पलीकडे उतरते. हा चौथा प्रकार वगळता उरलेल्या तीन प्रकारांत, कागद थेट ठशावर दाबला जात असेल, तर एक अट समान असते : जे कागदावर सरळ दिसावयाचे ते ठशावर उलटे असावे लागते.

ही अट वाटते तेवढी किरकोळ नाही. दक्षिणेत तांब्यावर अक्षरे कोरण्याची परंपरा फार जुनी आहे. राष्ट्रकूट, शिलाहार, यादव यांचे ताम्रपट सर्वश्रुत आहेत. या ताम्रपटांच्या कडीला राजमुद्रा जोडलेली असे. म्हणजे कोरलेली रेषा आणि उमटवलेली मुद्रा ही मुद्रणाची दोन्ही अंगे एकाच वस्तूत शेजारी शेजारी नांदत होती. कापडावर लाकडी ठशांनी नक्षी छापण्याची विद्याही या देशात प्राचीन आहे. तरीही ताम्रपटाला शाई लावून त्याची छाप कागदावर घेतली गेली नाही. कागद पुढे उपलब्ध झाला, एवढेच त्याचे कारण म्हणता येणार नाही. कारण कागद आल्यानंतरही कित्येक शतके ही गोष्ट घडली नाही. ताम्रपटाचे मोल त्याच्या एकमेवपणात होते. तो स्वतःच वाचावयाचा लेख होता, म्हणून त्यावरील अक्षर सरळ होते. अक्षर उलटे कोरण्याचा निर्णय होतो तेव्हा तांब्याचा पत्रा 'लेख' राहत नाही, तो 'ठसा' होतो. हे स्थित्यंतर हाताच्या कौशल्यापेक्षा विचारातले आहे.

महाराष्ट्रात हे स्थित्यंतर झाल्याची एक ठळक नोंद पेशवाईच्या अखेरच्या काळातील आहे. पुण्यास इंग्रजांचा वकील म्हणून आलेल्या चार्ल्स मॅलेटच्या सहवासात नाना फडणविसांना मुद्रणाची कल्पना परिचित झाली आणि त्यांनी एका तांबटाकडून भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरवण्यास आरंभ केला. 1800 साली नानांचा मृत्यू झाला व काम अपुरे राहिले. पुढे तो कारागीर मिरजेस गेला, आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 साली ती गीता तेथे छापून निघाली. अ. का. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणकलेच्या आपल्या 1958 सालच्या इतिहासग्रंथात या प्रकरणाची दखल घेतली असून मुद्रणाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे.

त्या कामाचे स्वरूप डोळ्यांसमोर आणून पाहावे. सातशे श्लोकांचा ग्रंथ. देवनागरीची शिरोरेखा उलटविल्यावरही जागच्या जागी राहते. परंतु तिच्याखालील सर्व रचना फिरते. अक्षराच्या डावीकडे येणारी ऱ्हस्व वेलांटी पत्र्यावर उजवीकडे जाते. काना डावीकडे येतो. जोडाक्षरातील अर्धा वर्ण पूर्ण वर्णाच्या दुसऱ्या बाजूस जाऊन बसतो. ओळ उजवीकडून डावीकडे चालते. ज्याला लिपी वाचता येते त्याचा डोळा हाताला सतत सरळ करू पाहतो. ज्याला येत नाही त्याला आकार ओळखीचे नसतात. दोहोंपैकी कोणत्याही परिस्थितीत कोरणाऱ्याला प्रत्येक अक्षराचा आकार नव्याने घडवावा लागतो. नक्कल करणाऱ्या लेखनिकाचे काम आणि हे काम यांत फार अंतर आहे.

या कारागिराला इतिहास प्रायः त्याच्या जातिधंद्याच्या नावाने, 'तांबट' म्हणूनच ओळखतो. याच काळी, याच पुण्यात, याच धंद्याच्या घराण्यातील दुसऱ्या एका माणसाचे नाव मात्र टिकले. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी काम करीत असे. वेरूळच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटने आज परदेशातील संग्रहांत त्याच्या नावानिशी आहेत. एकाने कागदावर चित्रे काढली, दुसऱ्याने तांब्यावर ठसा कोरला. ज्याने 'काढले' तो कर्ता म्हणून उरला. ज्याच्या हातून 'उमटले' तो मागे पडला.

२. शिळा आणि हस्ताक्षर

उलट्या अक्षराच्या अडचणीतून वाट काढणारे तंत्र जर्मनीत निघाले. म्यूनिक येथील आलोइस सेनेफेल्डर (1771–1834) हा नाटककार होता, आणि आपली नाटके कमी खर्चात छापता यावीत म्हणून तो निरनिराळ्या पृष्ठांवर प्रयोग करीत होता. 1796 पासूनच्या काही वर्षांत त्यातूनच शिलामुद्रण सिद्ध झाले. बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या खाणीतला बारीक कणांचा चुनखडक हे त्याचे मुख्य साधन. या शिळेवर स्निग्ध शाईने किंवा खडूने लिहावे वा चित्र काढावे; मग डिंकाचे पाणी व सौम्य आम्ल यांचा हात द्यावा. स्निग्ध भाग शिळेत मुरतो, उरलेला भाग पाणी धरून ठेवतो. शिळा ओली करून तिच्यावर शाईचा रूळ फिरवला म्हणजे पाणी धरलेला भाग शाई नाकारतो आणि स्निग्ध भाग ती घेतो. तेल आणि पाणी यांच्या विरोधावर सारी विद्या उभी आहे. येथे कोरणे नाही, खरवडणे नाही. हात जसा चालतो तशीच रेषा राहते.

सेनेफेल्डरने याला आणखी एक जोड दिली. विशिष्ट लेप दिलेल्या कागदावर स्निग्ध शाईने सरळ लिहावे, तो कागद शिळेवर पालथा दाबावा, म्हणजे अक्षर शिळेवर उलटे उतरते आणि छापताना पुन्हा सरळ होते. उलटे करण्याचे काम आता हाताने करावयाचे राहिले नाही. ज्या लिपींचे सौंदर्य हस्ताक्षरात आहे, ज्यांना जोडाक्षरांमुळे सुट्या खिळ्यांची संख्या फार लागते, त्या लिपींच्या प्रदेशांत शिळाछाप एवढ्या झपाट्याने का पसरली, याचे उत्तर या एका युक्तीत आहे. पोथीचे अक्षर लिहिणारा लेखनिक आपला बोरू खाली न ठेवता मुद्रणाच्या युगात येऊ शकला.

मुंबईत 1820 च्या दशकात शिलामुद्रण आले. तेथील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचा छापखाना उभा केला आणि 1831 साली मराठी पंचांग छापून प्रसिद्ध केले. छापील शाईत चरबी असते म्हणून धर्मनिष्ठ लोक छापलेली पोथी हाती धरीत नसत, आणि त्यावर उपाय म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरले, अशी आठवण मराठी मुद्रणाच्या इतिहासात सांगितली जाते. या आठवणीकडे केवळ सोवळ्याओवळ्याची कथा म्हणून पाहिले जाते. तंत्राच्या दृष्टीने तिचा अर्थ अधिक खोल आहे. शिलामुद्रणात स्निग्धता हा गौण घटक नसून तोच प्राण आहे. शाईतील स्नेह बदलला की तिचा चिकटपणा, शिळेवरील वर्तन आणि कागदावरील तेज ही सर्व बदलतात. तेव्हा चरबीच्या जागी तूप घालणाऱ्याला आपली शाई पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागणार हे उघड आहे. समाजाच्या एका आक्षेपाला दिलेले ते रासायनिक उत्तर होते.

३. अनेक शिळा, अनेक हात

1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा स्थापन केली. देवादिकांची आणि मराठ्यांच्या इतिहासातील पुरुषांची रंगीत शिळाचित्रे तेथून निघू लागली व घरोघर भिंतीवर लागली. 1894 साली राजा रवि वर्मा (1848–1906) आणि त्यांचे बंधू सी. राजा राज वर्मा यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला. प्लेगच्या काळानंतर तो मुंबई सोडून लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे पुढे त्याची मालकी गेली. धुंडिराज गोविंद फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते.

या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींना आपण 'रवि वर्म्याची चित्रे' म्हणतो. हे म्हणणे कितपत बरोबर आहे? तैलचित्रापासून रंगीत शिळाचित्र कसे होते ते पाहू. प्रथम पारदर्शक पत्र्यावर मूळ चित्राची बाह्यरेषा उतरवली जाते व ती प्रत्येक शिळेवर फिकट रूपात घेतली जाते. त्यानंतर चित्रातील प्रत्येक छटा कोणकोणत्या रंगांच्या मिश्रणाने सिद्ध होईल हे ठरवावे लागते. प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा. एका चित्राला पुष्कळदा दहापेक्षाही अधिक शिळा लागत. देवीच्या गालावरील गुलाबी झाक कोणत्याही एका शिळेवर नसते. पिवळ्या शिळेवरील विरळ ठिपके, तांबड्या शिळेवरील त्याहून विरळ ठिपके आणि करड्या शिळेवरील छायेचे ठिपके एकमेकांवर बसले म्हणजे ती झाक दिसू लागते. हे ठिपके शिळेवर हाताने, काळ्या शाईत दिले जातात. तेथे रंग दिसतच नाही. म्हणजे शिळाकाराला चित्र उलटे, तुकड्यातुकड्यांनी आणि काळ्या रंगात पाहून त्याचे सरळ, एकसंध, रंगीत रूप मनात धरावे लागते. कोणता रंग आधी, कोणता नंतर, हा क्रम त्याला ठरवावा लागतो. कागद ओलाव्याने फुगतो, तेव्हा खुणा जुळवून प्रत्येक रंग केसभरही न सरकता बसवावा लागतो. शेवटी तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वार्निशाचा हात आणि कधी कॅनव्हासच्या पोताचा दाब दिला जातो.

या साऱ्या कामाला 'नक्कल' हा शब्द पुरत नाही. संस्कृत श्लोकाचे मराठी समश्लोकी भाषांतर करणाऱ्याला आपण नक्कल करणारा म्हणत नाही, कारण एका भाषेच्या साधनांनी सिद्ध झालेला अर्थ दुसऱ्या भाषेच्या साधनांनी पुन्हा सिद्ध करावा लागतो हे आपण जाणतो. तैलरंगाच्या सलग छटेचे ठिपक्यांच्या भाषेत केलेले रूपांतर याच जातीचे आहे. तथापि चित्राखाली छापखान्याचे नाव आले, चित्रकाराचे नाव लोकांच्या तोंडी बसले आणि शिळेवर रंग विभागणारा अनुल्लेखित राहिला. कलासमीक्षकांनीही या चित्रांवर लिहिताना बहुधा दोनच गोष्टींची चर्चा केली : मूळ चित्राची अभिरुची आणि प्रतींचा प्रसार. त्या दोहोंच्या मध्ये जी शिळा होती तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

४. ठशावरील विचार

ठसा हे चित्र उतरवून घेण्याचे साधन नसून विचार करण्याची जागा असू शकते, हे युरोपातील चित्रकारांनी पूर्वीच ओळखले होते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रेम्ब्राँच्या 1653 सालच्या 'तीन क्रूस' या मुद्राचित्राचे आहे. ते ड्रायपॉइंटने, म्हणजे आम्ल न वापरता तांब्यावर थेट सुईने ओरखडून केलेले आहे. सुईच्या दाबाने रेषेच्या कडेला तांब्याचा सूक्ष्म कंगोरा उठतो व तो शाई धरून ठेवतो. म्हणून रेषा मखमलीसारखी दाट उमटते. हा कंगोरा नाजूक असतो आणि थोड्याच प्रतींत झिजून जातो. रेम्ब्राँने या पत्र्यावर काही प्रती काढल्या, किरकोळ फेरफार केले, आणि नंतर चौथ्या अवस्थेत बहुतेक चित्र घासून टाकून त्याच पत्र्यावर नवे चित्र उभे केले. आधीच्या अवस्थांत वरून प्रकाशाचा झोत येतो आणि माणसांची गर्दी स्पष्ट दिसते. चौथीत अंधार कोसळलेला आहे, आणि पूर्वीच्या काही आकृती पुसट सावल्यांसारख्या उरल्या आहेत. येथे 'मूळ' कोणते आणि 'प्रत' कोणती? पत्रा एकच आहे, परंतु त्याने निरनिराळ्या वेळी निरनिराळी चित्रे दिली. अभ्यासक म्हणून मुद्राचित्राच्या 'अवस्था' नोंदवतात, आणि प्रत्येक अवस्था हा चित्रकाराच्या निर्णयाचा पुरावा मानतात.

अम्लरेखनाची नित्याची रीतही हेच सांगते. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेण, डांबर व राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यावयाचा. सुईने तो थर खरवडून धातू उघडा करावयाचा. मग पत्रा आम्लात सोडावयाचा. रेषा सुईने काढली तरी तिची खोली आम्ल ठरवते. जी रेषा पुरेशी झाली तिच्यावर रोगण लावून ती झाकावयाची आणि उरलेल्या रेषा आणखी खाऊ द्यावयाच्या. अ‍ॅक्वाटिंटमध्ये राळेची पूड पत्र्यावर पसरून ती तापवून चिकटवतात. कणाकणांमधून आम्ल शिरते व रेषेऐवजी सलग छटा मिळते. पत्रा पुसताना किती शाई ठेवावी यावर पुन्हा छटा अवलंबून. पहिली चाचणीची छाप निघेपर्यंत चित्रकाराला आपले चित्र पूर्णपणे माहीत नसते. ती छाप पाहून तो पत्र्याकडे परततो. पत्रा आणि कागद यांच्यामधील या येरझाऱ्यांतच मुद्राचित्र घडत जाते.

या परंपरेशी मुंबईचा एक प्रत्यक्ष धागा जुळलेला आहे. स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी 1927 साली पॅरिसमध्ये स्थापन केलेली कार्यशाळा पुढे 'आतेलिए 17' या नावाने प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती न्यूयॉर्कला होती व 1950 साली पॅरिसला परतली. तेथे आंध्रातून आलेले कृष्णा रेड्डी (1925–2018) आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले कायको मोती यांनी हेटर यांच्या समवेत रंगीत छपाईची एक नवी पद्धत विकसित केली. पत्रा वेगवेगळ्या पातळ्यांवर खोल कोरावयाचा. शाईत तेलाचे प्रमाण कमीअधिक करून तिचा दाटपणा बदलावयाचा. कठीण रूळ केवळ वरच्या पातळीला स्पर्श करतो, मऊ रूळ खोल पातळीपर्यंत पोचतो. आणि भिन्न दाटपणाच्या शाया एकमेकींवर आल्या असता मिसळून न जाता एक दुसरीला नाकारते. त्यामुळे एकाच पत्र्यावरून, एकाच दाबात, अनेक रंग कागदावर येतात.

मळवलीच्या छापखान्याशी ही पद्धत ताडून पाहण्यासारखी आहे. तेथे एका चित्रासाठी अनेक शिळा आणि अनेक हात होते. येथे अनेक रंगांसाठी एकच पत्रा आणि एकच हात. तेथे रंग मूळ तैलचित्रात आधी ठरलेला होता. येथे तो पत्र्याच्या खोलीतून आणि शाईच्या स्वभावातून ठरतो. परंतु दोन्ही ठिकाणी मूलभूत ज्ञान एकाच प्रकारचे आहे : कोणता पदार्थ कोणत्या पदार्थाला स्वीकारतो आणि कोणता नाकारतो. पॅरिसमधील मुद्राचित्रकाराला या ज्ञानाबद्दल कलावंत म्हणून मान मिळाला. त्याच जातीचे ज्ञान हाताशी असलेल्या शिळाकाराला तो मिळाला नाही. कारण त्याच्या चित्राचा आरंभ दुसऱ्याच्या चित्रातून होत होता. हा भेद खरा आहे व तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्या भेदामुळे शिळाकाराचे काम यांत्रिक ठरत नाही.

५. उपसंहार

'ठसा' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्याने उमटवावयाचे ते साधन म्हणजे ठसा, आणि जे उमटले तेही ठसाच. 'मुद्रा' या शब्दाचेही तसेच आहे. ही संदिग्धता दोष म्हणून दाखवता येईल. परंतु प्रस्तुत विषयापुरती ती उपकारक आहे. साधन आणि छाप ही एकाच कृतीची दोन अंगे आहेत, एक मूळ व दुसरी दुय्यम असे नाही, ही गोष्ट या शब्दांनी जपून ठेवली आहे. 'मूळ' आणि 'प्रत' ही जोडी हस्तलिखितांच्या आणि तैलचित्रांच्या चर्चेतून आली. मुद्राचित्राला ती लावताना अडखळावे लागते, ते त्यामुळेच.

याचा व्यावहारिक उपयोगही आहे. आपल्या संग्रहालयांत, ग्रंथालयांत आणि खासगी घरांत जुनी शिळाचित्रे व कोरीव चित्रे आहेत. त्यांची सूची करताना 'विषय' आणि 'चित्रकार' एवढ्या दोन रकान्यांवर भागवू नये. ठसा कशाचा होता, चित्र कोणत्या तंत्राने उमटले, रंगांसाठी शिळा किती असाव्यात, चित्र कोणत्या अवस्थेतील आहे, शिळा किंवा पत्रा कोणी सिद्ध केला आणि छाप कोणी घेतली, असे स्वतंत्र रकाने करावेत. भिंग घेऊन ठिपक्यांचे थर मोजणे पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज शक्य आहे. पुष्कळ रकाने रिकामे राहतील. पण रकानाच नसणे आणि तो रिकामा असणे यांत फरक आहे. रिकामा रकाना निदान एवढे कबूल करतो की येथे एक माणूस होता.

ठसा उमटतो, असे भाषा म्हणते आणि म्हणत राहील. तो कोणी उमटवला, हे विचारणे इतिहासाचे काम आहे.